धाकूबाईचं उत्तर

चीक अर्धा पिळून झाला होता. गच्चीवर अंथरलेल्या कागदावर कुरडयांच्या चार ओळी लागल्या होत्या, पातेल्यात अजून तेवढाच चीक वाफाळत होता आणि रंभाबाई सोऱ्या फिरवता फिरवता तोंडानं काहीतरी म्हणत होत्या. चीक निवला की सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून या कामात हात थांबवायचा नसतो. पण दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू निरंजन कपडे वाळत घालायला वर आला आणि बादली हातात धरून तसाच उभा राहिला.

“काकू, हे कुठलं गाणं?”

“आमच्या धाकूबाईचं. पुढच्या मंगळवारी यात्रा हाय न्हवं.”

“परत म्हणा ना.”

“गाणं म्हणू का कुरडया घालू?” असं म्हणत म्हणत रंभाबाईंनी म्हटलंच.

तळं भरलं भरलं, पाणी लागलं पायरी,
धाकू उभी काठावरी, डोळा कोरडा.
सांग धाकू, सांग बाई, सारं गाव रडतंया,
तुझा का गं, तुझा का गं डोळा कोरडा?

“मग ती काय म्हणते?” निरंजननं विचारलं.

“कोन?”

“धाकूबाई. तुम्ही विचारलंत ना तिला.”

“ती काय म्हणत न्हाई. आमी तीनदा इचारतो आन् गप बसतो. मग समद्याजणी पदर डोळ्याला लावतात. झालं.”

निरंजन बादली खाली ठेवून कठड्यावर बसला. हिंजवडीच्या एका कंपनीत तो कामाला होता, पण जीव त्याचा नाटकात. सुट्टीच्या दिवशी पुण्यात जाऊन हौशी मंडळींबरोबर तालमी करायचा. त्याला असं काही सापडलं की तो जेवण विसरे, हे रंभाबाईंना दोन वर्षांत कळलं होतं. त्यांनी चीक झाकून ठेवला आणि त्याला गोष्ट सांगितली.

नेरे गावच्या देवळामागचं तळं पूर्वी पाणी धरत नव्हतं. गावानं ठरवलं, तळ्याला एका घरातलं लेकरू द्यायचं. कवड्या टाकायच्या, ज्या घरावर दान पडेल त्या घरानं द्यायचं. धाकूबाई तेव्हा गावात मानाची बाई. बायका रडायला लागल्या तशी तीच पुढं होऊन म्हणाली, ‘ज्या घरावर पडंल, त्या घरच्या बाईनं रडायचं न्हाई. ती रडली तर तळं आटंल.’ नेम तिनं घातला. आणि कवड्या पडल्या तिच्याच घरावर. पोराला ओवाळून तिनं काठापर्यंत आणलं. तळं भरलं. तिच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. तेव्हापासून गावानं तिलाच देवी मानलं, आणि चैत्री पौर्णिमेनंतरच्या मंगळवारी गावच्या बायका पायऱ्यांवर बसून तिच्या वाटचं रडतात. जिला रडता आलं नाही तिच्यासाठी वर्षातून एक दिवस आपण रडायचं, एवढंच ते व्रत.

गोष्ट संपली तेव्हा निरंजन कठड्यावरून उतरून त्यांच्यासमोर येऊन बसला. मग म्हणाला, “काकू, ग्रीस म्हणून एक देश आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथं देवाच्या जत्रेत माणसं अशीच घोळक्यानं उभी राहून गायची. देवाची गोष्ट. तो असं म्हणाला, त्यानं असं केलं. सांगतात की एका वर्षी त्यातला एकजण घोळक्यातून बाहेर आला आणि म्हणाला, मीच तो. आणि घोळक्याला उत्तर द्यायला लागला. तिथं नाटक सुरू झालं. मग पुढं कुणीतरी दुसरा माणूस आणला, म्हणजे ते दोघं एकमेकांशी बोलायला लागले. मग तिसरा. आणि पहिल्यापासून त्यांची मोठी नाटकं दुःखाचीच. त्या नाटकांना त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ बोकडाचं गाणं असा लावतात.”

“बोकडाचं? म्हंजी त्यांचीबी यात्रा आमच्यावानीच की.”

“असेल. का ते नक्की कुणाला माहीत नाही.”

“आन् दुःखाचं बघायला मानसं कशाला जायची? घरी कमी असतंय?”

“त्यांच्या एका मोठ्या विद्वानानं लिहून ठेवलंय की दुसऱ्याचं दुःख बघून माणसाची कीव आणि भीती वाहून जाते. माणूस मोकळा होतो.”

“हे तर आमच्या बायकांनाबी ठावं हाय. तेवढ्यासाठी ग्रीसला कशाला जायला पायजे?”

निरंजन हसला. “आणि अजून एक. त्या नाटकांतली माणसं वाईट नसतात. चांगलीच असतात. पण आपल्याच तोंडानं एखादा शब्द बोलून जातात, आणि तोच फिरून त्यांच्यावर येतो.”

रंभाबाईंनी झाकण काढून चिकात बोट घातलं. चीक निवला होता. “आता हा दुधात घालून खावा लागंल,” एवढंच म्हणून त्या पातेलं घेऊन जिना उतरल्या.

तसाच त्यांचा एक शब्द आठ वर्षांपूर्वी फिरून त्यांच्यावर आला होता.

रंभाबाई एकसष्टीच्या. नवरा नरहरी, मुलगा कैलास, सून गौतमी. जुन्या खळ्याच्या जागेवर तीन मजली घर, वरचे दोन मजले भाड्यानं. पहाटेची काकडआरती त्यांनी बाळंतपणं सोडली तर चुकवली नाही. गावात बायकांत त्यांचा शब्द चाले. दहा वर्षांपूर्वी शेजारच्या भामाबाईच्या वैजयंतानं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा देवळात हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या आणि भामाबाई कोपऱ्यात रडत होती. रंभाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “अशा पोरीला आईनं दार उघडायचं न्हाई. आन् रडायचंबी न्हाई. रडायचं व्हतं तर आधी लक्ष ठेवायचं व्हतं.” बायकांनी माना हलवल्या. भामाबाईनं डोळे पुसले आणि नेम पाळला. वैजयंता दोनदा येऊन दारातून परत गेली, हे गावानं पाहिलं.

दोन वर्षांनी रंभाबाईंच्या मुलीनं, दिशानं, तेच केलं.

दिशा आता महाळुंग्याला राहते. तिला मुलगा आहे, शाळेत जातो. हे रंभाबाईंना माहीत होतं, कसं ते कुणी विचारत नव्हतं. नरहरींनी एकदाच म्हटलं होतं, “बोलावू का पोरीला?” त्यावर रंभाबाई म्हणाल्या होत्या, “भामीच्या दाराला कडी माझ्या सांगण्यानं हाय. माझं दार उघडून तिच्या म्होरनं कशी जाऊ?” तेव्हापासून तो विषय घरात निघाला नाही. यात्रेच्या दिवशी पायऱ्यांवर सगळ्यांत जास्त रडे ती भामाबाई. वर्षातला तेवढाच दिवस तिला मोकळा होता. तिच्या शेजारी बसून गाणं धरणाऱ्या रंभाबाईंचा पदर मात्र डोळ्याला नुसताच टेकायचा.

यंदा यात्रा कमिटीनं ऑर्केस्ट्रा ठरवला होता. बायकांच्या गाण्याला चार ते साडेचार. कमिटीच्या इंद्रजितनं गौतमीला स्पष्टच सांगितलं, “वहिनी, गेल्या साली गायला सात बाया आन् ऐकायला दोन म्हाताऱ्या नि एक फुगेवाला. बघण्यासारखं कायतरी करा, न्हाईतर पुढच्या वर्षी अर्धा तासबी न्हाई.”

निरंजनला कळलं तसं तो खाली धावत आला. “बघण्यासारखं आहेच की. काकू उठून उभ्या राहतील. धाकूबाईचं उत्तर देतील.”

रंभाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. “मी?”

“तुमच्याइतकं ते गाणं कुणाला येतंय?”

“कुशाबांना इचारावं लागंल,” रंभाबाई म्हणाल्या.

कुशाबा म्हणजे देवळाचे गुरव, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. “आईची गोष्ट सांगायची. आई व्हायचं न्हाई. तिनं उत्तर दिलं न्हाई ते का दिलं न्हाई, ते तिचं तिला ठावं. तिच्या तोंडात शब्द घालणारे आपण कोन?”

रंभाबाईंनी लगेच हात जोडले. घरी आल्या आणि निरंजनला म्हणाल्या, “कुशाबा न्हाई म्हणले. मग न्हाई.”

रात्रीच्या भाकरी थापताना गौतमी वर न बघता म्हणाली, “आई, कुशाबा न्हाई म्हणले म्हणून तुमाला बरं वाटलं ना?”

“देवाधर्माचं हाय. माझ्या वाटण्याचा काय संबंध?”

“तसंच असंल,” गौतमी म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्या रात्री देवापुढं बसताना रंभाबाईंना आपली जपमाळ दोनदा चुकली. त्यांना देवीची भीती होती, ते खोटं नव्हतं. पण त्या भीतीमागं दुसरी एक भीती दडून बसली होती, आणि ती देवीची नव्हती. चारचौघांत, भामाबाई शेजारी बसलेली असताना, ‘नेम मीच घातला’ असं म्हणायचं होतं. तोंड धाकूबाईचं असलं तरी जीभ आपलीच.

सोमवारी पौडाहून चाँदबी आली. यात्रेच्या आदल्या दिवशी देवीला बांगड्या भरायचा मान तिच्या घराचा, सासूच्या सासूपासूनचा. देवीचे हात दगडात कोरलेले, त्यांत बांगडी जात नाही. म्हणून चाँदबी मनगटापाशी बांगड्या धरून दोऱ्यानं बांधते. रंभाबाई गाभाऱ्याच्या दारात फुलांचा हार ओवत बसल्या होत्या. कुशाबा समई धरून उभे.

“आई, हिरव्या का लाल?” चाँदबीनं विचारलं आणि मग आवाज बारीक करून स्वतःच उत्तर दिलं, “हिरव्याच दे गं बाई. गेल्या साली लाल घातल्यास, त्या टोचल्या.”

“टोचल्या तर तवाच बोलायचं व्हतं.”

“बोलले की. तू ऐकतीस कुटं?”

“बरं, ह्या बघा. सैल हायेत का?”

“सैलच बऱ्या. तुझ्या सासूवानी आवळू नको.”

कुशाबा हसत होते. रंभाबाई तीस-पस्तीस वर्षं हे ऐकत आल्या होत्या. आज त्यांची सुई फुलातच राहिली.

“चाँदबी, हे कोन बोलतंय?”

“देवी.”

“तुझ्या तोंडानं?”

“मग काय, दगड बोलंल? सासू बोलायची, आता मी बोलते. न बोलता बांगड्या भरल्या तर ते काय बांगड्या भरणं झालं?” तिनं दोरा दातानं तोडला. “का गं, काय झालं?”

रंभाबाईंनी सांगितलं. चाँदबी कुशाबांकडं वळली. “व्हय ओ, माझं चालतंय आन् हिचं चालत न्हाई?”

कुशाबांनी समई ठेवली, टोपी काढून डोकं खाजवलं. “तुझं बांगड्यांचं हाय. हे दुःखाचं हाय.”

“बांगड्यांसाठी आईला तोंड हाय, आन् एवढ्या मोठ्या दुःखासाठी न्हाई? भला न्याय हाय तुमचा.”

कुशाबा पायरीवर बसले. विचार करताना ते नेहमी गुडघा चोळतात, तसा चोळत राहिले. शेवटी म्हणाले, “रंभाबाई, बोल तू. पण एक हाय. बोलून झालं की मी तुझ्या पायावर पाणी घालीन आन् तुझ्या नावानं तीनदा हाक मारीन. तू व्हय म्हणायचं. आईला आईच्या जागी सोडून तू तुझ्या जागी यायचं. त्याबगर उंबरा ओलांडायचा न्हाई.”

आता नाही म्हणायला काही उरलं नव्हतं.

निरंजननं चार वाक्यं लिहून दिली. ‘पाणी राहावं म्हणून मी डोळा कोरडा ठेवला. साऱ्या गावासाठी ठेवला.’ अशीच आणखी दोन. रंभाबाईंनी ती पाठ केली, पोळ्या लाटताना म्हणून पाहिली. बायकांनी ठरवलं की रंभाबाई उभ्या राहणार तर प्रश्नाचं गाणं भामाबाईनं धरावं. तिचा गळा चांगला. तीनदा विचारायचं, तिसऱ्यानंतर रंभाबाईंनी उठायचं. भामाबाई या सगळ्याला “बरं” म्हणाली, दुसरं काही नाही.

मंगळवारी चार वाजता पायऱ्यांवर ऊन होतं. पलीकडच्या नव्या सोसायटीतली माणसं टोप्या घालून, मोबाईल वर धरून आली होती. गावचीही बरीच. निरंजन माईकची वायर धरून खालच्या पायरीवर उकिडवा बसला होता. रंभाबाई हिरवं लुगडं नेसून बायकांच्या मधोमध. चाँदबी कडेला, बांगड्यांची पेटी मांडीवर.

भामाबाईनं गाणं धरलं. तळं भरलं, पाणी पायरीला लागलं, धाकू काठावर उभी राहिली. पहिला प्रश्न आला, “तुझा का गं, तुझा का गं डोळा कोरडा?” आणि रंभाबाई उठल्या.

दोन वेळा अजून विचारायचं होतं. गाणाऱ्या बायका चपापल्या, एकीनं लुगडं ओढलं. रंभाबाईंना चूक कळली, पण परत बसणं त्याहून वाईट दिसलं असतं. त्या उभ्या राहिल्या आणि पाठ केलेलं म्हणायला तोंड उघडलं. ‘पाणी राहावं म्हणून,’ एवढं आलं. ‘साऱ्या गावासाठी’ येईना. विसरल्या नव्हत्या. शब्द समोर होते, पण ते खरे नव्हते आणि देवीच्या दारात जीभ ते उचलेना.

माईकमधून नुसता वारा ऐकू येत होता. निरंजन खालून पुटपुटत होता.

तेवढ्यात भामाबाई गाण्याचा सूर सोडून साध्या आवाजात म्हणाली, “नेम कुणी घातला व्हता गं?”

असं कुठं लिहिलेलं नव्हतं. रंभाबाईंनी तिच्याकडं पाहिलं.

“मी घातला.”

“का?”

“दुसरीचं लेकरू जाणार असं वाटलं व्हतं. दुसरीला सांगायला जड गेलं न्हाई.”

“मग तुझ्यावर आलं तवा मोडला का न्हाईस?”

“मोडला असता. पण जिनं माझ्या शब्दावर पाळला, तिला कंच्या तोंडानं भेटू? म्हणून डोळा कोरडा ठेवला. पाण्यासाठी न्हाई, गावासाठी न्हाई. लाजंनं ठेवला.”

भामाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. दरवर्षी सगळ्यांत आधी तिचा पदर डोळ्याला जाई. आज गेला नाही. बाकीच्या बायका मात्र रडायला लागल्या होत्या, आणि मागं उभ्या असलेल्या, गाण्यात नसलेल्याही. गावातल्यांना धाकूबाईची गोष्ट नवी नव्हती, तरी ती आजच पहिल्यांदा ऐकल्यासारखी माणसं पुढं सरकली होती. सोसायटीतल्या काहींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पण कुणी साथ देईना तशा त्या थांबल्या.

कुशाबा तांब्या घेऊन आले. रंभाबाईंच्या पायांवर पाणी घातलं आणि हाक मारली, “रंभा.”

“व्हय.”

“रंभा.”

“व्हय.”

“नरहरीची रंभा, दिशाची आई रंभा.”

कुशाबा थांबले. तिसरं ‘व्हय’ निघालं ते हुंदक्यातून, आणि मग त्या पायरीवरच बसल्या आणि आठ वर्षांचं रडल्या. धाकूबाईचा नेम धाकूबाईपाशी राहिला. त्या धाकूबाई होऊन उभ्या होत्या तोवर डोळ्यातून थेंब आला नव्हता. कुशाबांनी तेवढं पाहून घेतलं होतं. ते तांब्या घेऊन देवळात निघून गेले.

साडेचारला ऑर्केस्ट्रावाले स्पीकर लावायला आले. इंद्रजितनं त्यांना हातानं थांबवलं आणि लांबच उभा राहिला. बायका पांगल्या. पायऱ्यांवर दोघीच उरल्या, आणि जरा वर गौतमी, चपला हातात घेऊन.

“निरंजननं लिहिलं व्हतं ते?” भामाबाईनं विचारलं.

“न्हाई.”

“वाटलंच. त्याला असलं कुटनं सुचणार?” ती पाण्याकडं बघत होती. “तुला एक सांगू? तुझ्या शब्दावर मी दार बंद ठेवलं असं तू धरून चाललीस. मलाबी तसंच सांगायला बरं पडलं. खरं म्हंजी मला माझ्या भावकीचं भ्या वाटत व्हतं. तुझं नाव म्होरं केलं की कुणी माझ्याकडं बघत न्हवतं.”

“तरी शब्द माझाच व्हता.”

“व्हता. ते काय मी न्हाई म्हणत न्हाई.”

गौतमी दोन पायऱ्या खाली आली. “आई, ताईंचा नंबर माझ्याकडं हाय. आता लावू?”

“तुझ्याकडं असणारच,” रंभाबाई म्हणाल्या. “मला काय कळत न्हाई व्हय? घरात महाळुंग्याच्या पोराच्या मापाचे स्वेटर कुणासाठी विणत व्हतीस?” गौतमी लाजली. रंभाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं आणि भामाबाईला विचारलं, “वैजूचा नंबर हाय?”

“न्हाई.”

“कुटं असती?”

“आधी नांद्याला व्हते ते दोघं, खोली घेऊन. नाक्याच्या मागं, पिठाच्या गिरणीवर. गिरणीवाल्याची बायको मला एकदा बाजारात भेटलीवती, म्हणली वैजूला कावीळ झालीवती. त्यालाबी चार वर्सं झाली. आता तितं हायेत का दुसरीकडं गेले, मला ठावं न्हाई.” भामाबाईनं आता पदर डोळ्याला लावला. “इचारायला कोन जाणार? माझे पाय तिकडं वळले न्हाईत.”

रंभाबाईंनी गौतमीकडं पाहिलं. “दिशाला आज लावू नको. परवा लाव. आधी हिची.”

गौतमीनं मान हलवली आणि हातातल्या चपला पायरीवर ठेवल्या.

“गिरणी किती वाजता उघडत असंल?” रंभाबाईंनी विचारलं.

“आठला तरी उघडत असंल,” भामाबाई म्हणाली.

तेव्हा ठरलं की बुधवारी सकाळी देवपूजा आटोपली की रंभाबाई भामाबाईला घेऊन नांद्याला जाणार, गिरणीवाल्याच्या बायकोकडं वैजयंताचा पत्ता विचारायला.